दिसत नाही, पण बोलतो! : पडद्यावरील निवेदनाचा अर्थ आणि उपयोग

दोन ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका सुरू झाली आणि जून १९९० पर्यंत रविवारची सकाळ तिने व्यापून टाकली. शीर्षकगीत संपले की पडद्यावर फिरते कालचक्र दिसे आणि एक धीरगंभीर आवाज ऐकू येई. तो कोणा पात्राचा नव्हता. तो होता ‘समय’, म्हणजे साक्षात काळ. कुरुवंशाचा भूतकाळ त्याला ठाऊक होता, कुरुक्षेत्राचा शेवटही ठाऊक होता आणि दूरचित्रवाणी संचासमोर बसलेल्या विसाव्या शतकातील प्रेक्षकालाही तो ओळखून होता. या आवाजाचे धनी हरीश भिमाणी मालिकेत कधीही दिसले नाहीत. तरीही त्या मालिकेतील अर्जुन-भीमाइतकाच हा न दिसणारा ‘समय’ लोकांच्या लक्षात राहिला.

पडद्यावर न दिसणाऱ्या, पण सतत आपल्याशी बोलणाऱ्या या आवाजाला मराठीत आपण ‘निवेदन’ म्हणतो. चित्रपट व दूरचित्रवाणीच्या व्यवसायात ‘व्हॉइस ओव्हर’ हा शब्द रूढ आहे. घाईच्या बोलण्यात त्याचे नुसते ‘व्हीओ’ होते. कथापट, अनुबोधपट, बातम्या, जाहिराती, वन्यजीवांवरील मालिका अशा सर्व ठिकाणी निवेदन असते. ते इतके सवयीचे झाले आहे, की ते चालू असल्याचे भानही आपल्याला राहत नाही. आणि नेमकी हीच त्याची ताकद आहे. चित्राकडे कोणत्या बाजूने पाहायचे, हे बहुधा निवेदनच ठरवते.

निवेदन म्हणजे नेमके काय?

ज्याचे बोलणे प्रेक्षकाला ऐकू येते, पण त्या दृश्यातील इतर पात्रांना ऐकू येत नाही आणि जो त्या क्षणी ओठ हलवताना दिसत नाही, त्याचा आवाज म्हणजे निवेदन. खोलीत मूल अभ्यास करीत आहे आणि स्वयंपाकघरातून आईची हाक येते. आई दिसत नाही, तरी हे निवेदन नव्हे. कारण ती हाक मुलाला ऐकू येते. तेच मूल मोठे झाल्यानंतर त्या संध्याकाळची आठवण सांगू लागले आणि पडद्यावर लहानपणीचे दृश्य तसेच चालू राहिले, तर ते निवेदन झाले.

निवेदनाची गल्लत अनेकदा डबिंगशी केली जाते. डबिंगमध्ये पडद्यावरील ओठांच्या हालचालींशी नवा आवाज जुळवावा लागतो. निवेदनाला ओठांचे बंधन नसते. त्याला बंधन असते ते दृश्याच्या लांबीचे. समालोचन हाही वेगळा प्रकार आहे. क्रिकेटचा समालोचक घडत असलेली गोष्ट त्याच क्षणी सांगतो, पुढचा चेंडू कसा पडेल हे त्याला माहीत नसते. निवेदकाला मात्र बहुतेक वेळा शेवट ठाऊक असतो आणि तो कधी सांगायचा, हेही त्याच्याच हाती असते.

निवेदक दोन ठिकाणांहून बोलू शकतो. एक तर तो कथेच्या बाहेर असतो. त्याला नाव नसते, वय नसते, त्याला सगळे माहीत असते. किंवा तो कथेतीलच एक पात्र असतो आणि घडून गेलेल्या गोष्टी आपल्या दृष्टीने सांगतो. पहिल्यावर आपण सहसा शंका घेत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यात त्याचे प्रेम, राग, लाज आणि विसराळूपणाही मिसळलेला असतो.

सूत्रधारापासून बोलपटापर्यंत

निवेदन ही बोलपटाबरोबर आलेली युक्ती आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मराठी प्रेक्षकाला ही रीत चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून परिचित होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेत असे आणि पात्रे त्या अनुरोधाने अभिनय व भाषणे करीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील चित्रकथी परंपरा तर आजच्या निवेदनाच्या आणखी जवळची आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि त्यांच्या आधारे कथा गाऊन सांगायची, अशी ही कला आहे. चित्र गप्प, सांगणारा बोलका आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोहोंचा मेळ, ही मांडणी तिथे आधीपासून होती.

मूकपटांच्या काळात सांगण्याचे काम पडद्यावरील पाट्यांकडे गेले. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ च्या चित्रपटात कथेचे दुवे जोडण्यासाठी अशाच पाट्या होत्या. जपानमध्ये मात्र पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारे, सर्व पात्रांचे संवाद म्हणणारे ‘बेन्शी’ हे निवेदक स्वतःच मोठे लोकप्रिय कलावंत होते. त्यांच्या नावावर तिकिटे विकली जात. जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले बंधू हेगो हेही बेन्शी होते. बोलपट आल्यानंतर या कलावंतांचा व्यवसाय बुडाला.

ध्वनी आल्यावर निवेदन चित्रफितीवरच आले. हॉलिवूडमध्ये १९३३ साली आलेल्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या चित्रपटात एका उद्योगपतीच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र त्याची कहाणी उलटसुलट क्रमाने सांगतो. हा प्रकार त्या वेळी इतका नवा होता, की त्याच्या जाहिरातीसाठी ‘नॅरेटाज’ असा खास शब्द तयार करण्यात आला. तो शब्द पुढे विस्मृतीत गेला, पद्धत मात्र रुळली.

निवेदन कशासाठी?

निवेदनाचा सर्वांत साधा उपयोग म्हणजे काळ आणि स्थळ यांची ओळख करून देणे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘लगान’मध्ये (२००१) १८९३ सालचे चंपानेर, तिथली छावणी, राजा आणि सारा यांची माहिती प्रेक्षकाला प्रारंभीच निवेदनातून मिळते. हीच माहिती संवादांतून द्यायची तर पात्रांना एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसावे लागले असते. ‘लगान’ला आवाज अमिताभ बच्चन यांचा होता. गोवारीकर यांच्याच ‘जोधा अकबर’मध्येही (२००८) त्यांनीच निवेदन केले.

बच्चन यांची चित्रपटसृष्टीशी ओळख झाली तीही आवाजानेच. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) त्यांचे निवेदन आहे. एका कडक शिस्तीच्या रेल्वे अधिकाऱ्याची ओळख करून देताना हा आवाज किंचित थट्टेखोर होतो आणि अधिकाऱ्याच्या गंभीर चेहऱ्याकडे आपण हसत पाहू लागतो. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’मध्ये (१९७७) याच आवाजाला वेगळे काम दिले. १८५६ सालचे लखनौ, अवधच्या नवाबाचे कंपनी सरकारशी असलेले संबंध, लॉर्ड डलहौसीची राज्ये गिळण्याची हाव हे सारे निवेदनातून आणि व्यंगचित्रात्मक दृश्यांतून समजते. दुसरीकडे दोन सरदार बुद्धिबळाच्या पटावरून उठायला तयार नाहीत. निवेदकाला राज्याचे भवितव्य माहीत आहे, खेळाडूंना फक्त पुढची चाल. या दोहोंतील अंतर हाच त्या चित्रपटाचा उपरोध आहे.

दुसरा उपयोग आठवणीचा. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ची (१९७१) सुरुवात डॉ. भास्कर बॅनर्जीच्या पुस्तकाला मिळालेल्या पुरस्काराच्या समारंभाने होते आणि सारी कथा त्याच्या आठवणीतून उलगडते. आनंद आता नाही, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक विनोदाला कारुण्याची किनार येते. शेवटी ध्वनिफितीवरून त्याचा आवाज येतो, तो खोलीतील सर्वांना ऐकू येत असल्याने काटेकोर अर्थाने निवेदन नाही. पण माणूस गेल्यावर उरलेला आवाज किती जिवंत असू शकतो, याचे इतके परिणामकारक उदाहरण हिंदी चित्रपटात दुर्मीळ आहे. राजकुमार हिरानी यांच्या ‘थ्री इडियट्स’मध्येही (२००९) रँचोची गोष्ट आपल्याला त्याचा मित्र फरहान सांगतो. रँचोने स्वतः ती सांगितली असती, तर त्याच्याभोवतीचे गूढ टिकले नसते.

तिसरा उपयोग पत्रांचा आणि रोजनिशीचा. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’मध्ये (२०१३) मुंबईतील एक गृहिणी आणि निवृत्तीला आलेला एक कारकून चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्यातून एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या लोकलमध्ये दिसतात. त्यांना एकत्र आणतो तो चिठ्ठी लिहिणाऱ्याचा आवाज. ‘रंग दे बसंती’मध्ये (२००६) ब्रिटिश तुरुंगाधिकाऱ्याच्या रोजनिशीतील आवाज क्रांतिकारकांची कहाणी आजच्या तरुणांपर्यंत आणून पोहोचवतो.

बिली वाइल्डर यांनी या तंत्राची कमाल दाखवली. ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये (१९४४) विमा कंपनीचा जखमी प्रतिनिधी रात्री कार्यालयात येऊन ध्वनिमुद्रण यंत्रावर आपला कबुलीजबाब नोंदवतो आणि तेच चित्रपटाचे निवेदन ठरते. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये (१९५०) तर पोहण्याच्या तलावात तरंगणारे प्रेत ज्याचे आहे, तोच माणूस आपल्या मृत्यूची हकिगत सांगतो.

भारतीय चित्रपटांनी याहून पुढे जाऊन अमूर्ताला आणि निर्जीवालाही वाचा दिली. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’च्या (१९६०) प्रारंभी खुद्द हिंदुस्थान बोलतो. सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटात कट्यारच कथा सांगते आणि तिला रीमा लागू यांचा आवाज लाभला आहे. हिंदुस्थान, समय आणि कट्यार या तिघांत एक साम्य आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या साक्षीदार आहेत, ते कोणाच्या बाजूचे नाहीत, असे प्रेक्षकाला वाटते. म्हणूनच त्यांचे शब्द आपण न्यायनिवाड्यासारखे ऐकतो. निवेदनाला हा अधिकार सहज मिळतो आणि इथूनच त्याच्या वापरातील जबाबदारीचा प्रश्न सुरू होतो.

एकच चित्र, तीन अर्थ

कथापटातील निवेदक खोटे बोलला तर फार तर कथानकाला कलाटणी मिळते. ‘द युजुअल सस्पेक्ट्स’मध्ये (१९९५) तसेच घडते आणि प्रेक्षक फसल्याचा आनंद घेतो. अनुबोधपटात आणि बातमीत मात्र निवेदन वास्तवाबद्दल बोलत असते. तिथे त्याचा शब्द जड होतो.

फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ (१९५७) या अनुबोधपटात यावर एक प्रयोग केला. याकुत्स्क शहरातील रस्त्याचे एकच दृश्य त्यांनी लागोपाठ तीन वेळा दाखवले. एक बस, एक मोटार, रस्ता सपाट करणारे मजूर आणि समोरून जाणारा एक माणूस एवढेच त्यात आहे. पहिल्या वेळी निवेदन सोव्हिएत राजवटीचे गुणगान करते, दुसऱ्या वेळी तिची निंदा करते, तिसऱ्या वेळी तटस्थ माहिती देते. चित्रातील एकही चौकट बदललेली नसते. तरीही पहिल्या वेळी मजूर आनंदी वाटतात, दुसऱ्या वेळी पिचलेले. आणि तिसरे, तटस्थ म्हणवणारे निवेदनही पुरते खरे नाही, असे मार्कर बजावतात.

प्रेक्षकप्रिय चित्रपटातही असेच घडलेले आहे. अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विनवरील ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’ (२००५) या अनुबोधपटाच्या मूळ फ्रेंच आवृत्तीत नर, मादी आणि पिल्लू स्वतःच बोलतात. ती एका कुटुंबाची कथा होते. अमेरिकेत मॉर्गन फ्रीमन यांच्या आवाजात तृतीयपुरुषी निवेदन देण्यात आले आणि तोच चित्रपट निसर्गाचा अभ्यासपूर्ण वृत्तान्त वाटू लागला. अमेरिकन आवृत्ती गाजली, चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले. भारतातील आवृत्तीसाठी अमिताभ बच्चन यांनी निवेदन केले. बर्फ तेच, पक्षी तेच. बदलला तो फक्त सांगणारा.

फिल्म्स डिव्हिजनचा आवाज

आपल्याकडे निवेदनाची सवय लावली ती फिल्म्स डिव्हिजनने. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या या सरकारी संस्थेचे वृत्तपट व अनुबोधपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. धरणे, पोलाद कारखाने, कुटुंबनियोजन, पूर, दुष्काळ यांची दृश्ये आणि त्यावर अनेक भारतीय भाषांतून दिलेले निवेदन, असे त्यांचे स्वरूप असे. झुल वेलानी, प्रताप शर्मा यांच्यासारखे इंग्रजी निवेदक या आवाजाची ओळख बनले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा आदेश निघाला.

या वृत्तपटांनी देशाच्या उभारणीची मोलाची नोंद करून ठेवली, यात शंका नाही. परंतु त्यात शेतकरी, मजूर, विस्थापित दिसत. बोलताना मात्र क्वचितच ऐकू येत. त्यांच्याविषयी निवेदक बोले. ठाम, सुसंस्कृत, शंकारहित. पडद्यावर ज्याचा चेहरा आहे त्याला आवाज नाही आणि ज्याला आवाज आहे त्याचा चेहरा नाही, अशी ही विभागणी होती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात याच संस्थेतून या पद्धतीला छेद देणारे काम पुढे आले. एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये निवेदन पूर्णपणे वगळले आणि केवळ दृश्ये, संगीत व नैसर्गिक ध्वनी यांतून देशाचे चित्र उभे केले. एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुण-तरुणींना थेट बोलू दिले. अमेरिकेत फ्रेडरिक वाइजमन यांनी ‘टिटिकट फॉलीज’पासून (१९६७) निवेदन न वापरण्याचे पथ्य कायम पाळले.

म्हणून निवेदन वाईट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. नाझी छळछावण्यांवरील आलँ रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’चे (१९५६) निवेदन ज्याँ केरॉल यांनी लिहिले. ते स्वतः माउथहाउझेनच्या छावणीतून वाचलेले होते. दृश्ये भीषण आहेत, पण आवाज चढत नाही, रडत नाही. तो शांतपणे सांगतो आणि अखेरीस प्रेक्षकालाच जबाबदारीचा प्रश्न विचारतो. ज्याने भोगले त्याने शब्द निवडले, हे त्या संयमातून जाणवते.

बातमीतील निवेदन

दूरचित्रवाणीच्या बातमीत वार्ताहराने लिहिलेली संहिता दृश्यांवर वाचली जाते. मधूनमधून संबंधितांच्या प्रतिक्रिया, म्हणजे ‘बाइट’, जोडल्या जातात. दोन मिनिटांच्या बातमीत निवेदनाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे एकेका शब्दाला महत्त्व येते.

समजा, जुलै महिन्यात दादरच्या हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचले आहे आणि त्यातून माणसे चालत आहेत. या दृश्यावर ‘मुंबईकरांनी जिद्दीने कार्यालय गाठले’ असे निवेदन दिले तर ती धैर्याची कथा होते. ‘पालिकेचे दावे पुन्हा पाण्यात’ म्हटले तर ती प्रशासनाची झाडाझडती होते. ‘शहर ठप्प’ म्हटले तर घाबरवणारी बातमी होते. पाण्यातून चालणाऱ्या बाईला विचारले तर कदाचित ती सांगेल, की आज गेले नाही तर दिवसाचा पगार कापला जाईल. ही चौथी बातमी आहे आणि ती निवेदनातून नव्हे, तर तिच्या तोंडूनच कळू शकते. ‘नागरिक’ आणि ‘जमाव’, ‘आंदोलक’ आणि ‘समाजकंटक’, ‘अतिक्रमण’ आणि ‘घर’ या शब्दांच्या निवडीने चित्रातील माणसाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

निवेदनाचा आणखी एक मजेदार अवतार पोलंडमध्ये पाहायला मिळतो. तिथे दूरचित्रवाणीवरील परदेशी चित्रपटांत मूळ संवाद हळू आवाजात चालू राहतात आणि त्यावर एकच निवेदक, ‘लेक्टर’, सर्व पात्रांचे संवाद पोलिश भाषेत वाचतो. नायिका असो वा खलनायक, आवाज एकच आणि भावनाही बेताची. परक्यांना हे विचित्र वाटते. पोलिश प्रेक्षकाला त्याची सवय आहे. भावना मूळ नटाकडून घ्यायची आणि अर्थ लेक्टरकडून, अशी ही वाटणी आहे.

निवेदन कधी फसते?

‘दाखवा, सांगू नका’ असा सल्ला पटकथा शिकवणारे नेहमी देतात. पडद्यावर नायक रडताना दिसत आहे आणि निवेदक ‘त्याला फार दुःख झाले’ असे सांगत आहे, तर दोहोंपैकी एक अनावश्यक आहे. कथा समजत नाही म्हणून शेवटच्या क्षणी जोडलेले निवेदन बहुधा ठिगळासारखे दिसते. रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’चे (१९८२) उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. चाचणी खेळांत प्रेक्षक गोंधळले म्हणून हॅरिसन फोर्ड यांच्या आवाजात खुलासेवजा निवेदन घालण्यात आले. १९९२ मध्ये दिग्दर्शकाची आवृत्ती प्रदर्शित झाली, त्यात ते काढून टाकले होते. त्याविना चित्रपट अधिक गूढ आणि समृद्ध झाला, असे अनेक समीक्षकांनी नोंदवले.

चांगल्या निवेदनाची खूण अशी, की ते काढून टाकले तर माहितीपेक्षा मोठे काही हरवते. ‘शतरंज के खिलाडी’तून ते काढले तर उपरोध जाईल, ‘द लंचबॉक्स’मधून काढले तर नातेच जाईल.

संहिता आणि ध्वनिमुद्रण

निवेदन लिहिणे हे लेख लिहिण्यापेक्षा वेगळे काम आहे. वाचक अवघड वाक्य पुन्हा वाचू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. त्यामुळे वाक्ये लहान, कर्ता आणि क्रियापद जवळ, आकडे शक्य तितके कमी, अशी पथ्ये पाळावी लागतात. दृश्य सात सेकंदांचे असेल तर वाक्य त्याहून थोडे आधीच संपले पाहिजे; उरलेल्या जागेत चित्राला श्वास घेता येतो. दिसते तेच पुन्हा सांगण्याऐवजी जे दिसत नाही ते सांगावे. धरणाच्या चित्रावर ‘हे धरण आहे’ असे म्हणण्यापेक्षा त्याखाली कोणते गाव गेले, हे सांगणे उपयोगाचे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्या लिपीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवले जातात. ‘जरा थांबा’मधील ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ लिहिताना सारखेच, बोलताना वेगळे. संहिता प्रथमच हाती आलेला निवेदक अशा ठिकाणी अडखळू शकतो. शिवाय दूरचित्रवाणीवरील पुष्कळसे मराठी निवेदन हिंदी किंवा इंग्रजीतून भाषांतरित होऊन येते. वाक्यरचना परकी राहिली, की आवाज कितीही भारदस्त असला तरी ऐकणाऱ्याला तो आपला वाटत नाही.

ध्वनिमुद्रणाआधी संपादक बहुधा कच्च्या आवाजात एक तात्पुरते निवेदन लावून दृश्यांची लांबी ठरवतो. नंतर ध्वनिरोधक खोलीत, समोर चित्र पाहत किंवा केवळ संहितेवरून अंतिम मुद्रण होते. ‘प’, ‘फ’, ‘भ’ अशा वर्णांच्या वेळी निघणारी हवा थेट ध्वनिक्षेपकावर आदळू नये म्हणून मध्ये जाळी लावतात. पानाची सळसळ, घड्याळाची टिकटिक, रिकाम्या पोटाची गुरगुर हे सारे संवेदनशील यंत्र टिपते. मग संगीत आणि नैसर्गिक ध्वनी यांच्याशी निवेदनाचा मेळ घातला जातो. बोलणे सुरू झाले की संगीत खाली, थांबले की वर. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या कथाबाह्य चित्रपट विभागात निवेदनासाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवण्यात आला, यावरून या कामाचे मोल लक्षात यावे.

ज्यांच्यासाठी आवाज हाच चित्रपट

डोळसांसाठी निवेदन ही जोड असते. दृष्टिहीनांसाठी मात्र तोच चित्रपट असतो. संवादांमधील मोकळ्या जागेत ‘ती दार उघडते, समोर कोणीच नाही’ असे दृश्याचे वर्णन ऐकवणाऱ्या निवेदनाला ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ म्हणतात. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमे सर्वांना उपलब्ध व्हावीत, ही अपेक्षा आहे. त्याच्या आधारे दाखल झालेल्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’ या चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी असे वर्णन व उपशीर्षके तयार करण्याचे निर्देश दिले. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. या प्रकारच्या निवेदनात आवाजाने मत देणे वर्ज्य असते. ‘तो दुष्टपणे हसतो’ म्हणण्याऐवजी ‘तो हसतो’ म्हणायचे. दुष्टपणा ओळखणे हा श्रोत्याचा हक्क आहे. इतर निवेदकांनीही शिकावा असा हा धडा आहे.

आवाज कोणाच्या मालकीचा?

निवेदनापुढील सर्वांत नवा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केला आहे. पाकतज्ज्ञ व लेखक अँथनी बोर्डेन यांच्यावरील ‘रोडरनर’ (२०२१) या अनुबोधपटात त्यांनी लिहिलेली, पण कधीही न बोललेली काही वाक्ये त्यांच्या संगणकनिर्मित आवाजात ऐकवण्यात आली. बोर्डेन २०१८ मध्येच निवर्तले होते. प्रेक्षकांना याची कल्पना चित्रपटात दिलेली नव्हती. हे उघड होताच मोठा वाद झाला. शब्द त्यांचेच होते, मग तक्रार कसली, असे काहींनी विचारले. परंतु लिहिणे आणि बोलणे यांत अंतर आहे. कोणत्या शब्दावर थांबायचे, कुठे आवाज खाली घ्यायचा, हे बोलणारा ठरवतो आणि तो तर हयात नव्हता.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांचे नाव, प्रतिमा व आवाज यांच्या अनधिकृत वापराला अंतरिम मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम आदेश दिला. नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. जाहिराती, शैक्षणिक चित्रफिती आणि माहितीपट यांवर उदरनिर्वाह करणाऱ्या अनाम निवेदकांचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्यांचा चेहरा कोणाला माहीत नाही. आवाजाची नक्कल झाली तर ती ओळखणार कोण?

ऐकताना काय पाहावे?

पुढच्या वेळी बातम्या किंवा माहितीपट पाहताना एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. मिनिटभर आवाज बंद करावा आणि केवळ चित्रातून काय कळते ते पाहावे. मग डोळे मिटून नुसते निवेदन ऐकावे. दोहोंत जे अंतर सापडेल, तेवढे निवेदकाने आपल्या पदरचे घातलेले असते. ते आवश्यक आहे की दिशाभूल करणारे, हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. बोलणारा कोण आहे? त्याला हे कसे ठाऊक? आणि ज्याच्याविषयी तो बोलतो आहे, त्याला स्वतःला बोलण्याची संधी मिळाली का?

‘महाभारता’तील समयाला हे प्रश्न विचारण्याची गरज नव्हती; काळाला सारेच ठाऊक असते. पडद्यामागच्या इतर सर्व आवाजांमागे मात्र माणसे असतात आणि निदान आतापर्यंत तरी त्यांना उत्तरे देता येतात.